गच्चीवरची पांढरी पाटी

सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबांचा आढावा लिहून द्या, असा निरोप स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडून आला होता. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे दुसरे काय मागणार! पण हिशेब दर वर्षी वार्षिक सभेत वाचून झालेले आहेत, आणि मी ते वाचत असताना निम्मी मंडळी चहाच्या किटलीकडे बघत असतात हे खजिनदार म्हणून मी बरीच वर्षे पाहिले आहे. म्हणून मंडळाची माफी मागून विषय बदलला.

बी विंगच्या गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या भिंतीला, शाळेच्या वहीपेक्षा थोडी मोठी अशी एक पांढरी पाटी लावलेली आहे. मागच्या अंगाला तोंड करून, मान जरा खाली घातल्यासारखी. नवीन राहायला आलेली मुलं विचारतात, "आजोबा, ते काय आहे?" ती आपल्या वायफायची अँटेना. एवढ्याशा पाटीला कसला आलाय इतिहास, असं कुणालाही वाटेल. पण तो साडेतीनशे वर्षे मागे नेता येतो, आणि त्याचं शेवटचं टोक माझ्या स्वतःच्या एका चुकीपाशी येऊन थांबतं. ती चूक लिहायची म्हणूनच हा लेख.

डोंगराआडचा मुलूख

माझा जन्म पोलादपूर तालुक्यातला. नोकरीने गावोगाव फिरवले आणि निवृत्तीनंतर महाडात स्थिरावलो. हा सगळा मुलूख म्हणजे डोंगरांच्या मधे ठेवलेली वाटी. पूर्वेला महाबळेश्वरचा कडा, दक्षिणेला कशेडी, वर वरंध, उत्तरेला रायगडाच्या रांगा, आणि मधून सावित्री. सूर्यसुद्धा आपल्याकडे थोडा उशिराच येतो, मग रेडिओच्या लहरींचं काय सांगावं! उंच वारंवारतेच्या लहरी नजरेसारख्या सरळ जातात. डोंगर आडवा आला की थांबतात. म्हणून आपल्याकडच्या माणसाने निरोप पाठवायचा तर आधी उंच जागा शोधायची आणि मग दिशा धरायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा निकाल लागला, तेव्हा जावळीच्या रानात दबा धरून बसलेल्या मावळ्यांना गडावरच्या तोफेने इशारा दिला गेला. तोफेचा आवाज चहूकडे जातो. मित्राला ऐकू येतो तसा शत्रूलाही. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगड घेतल्यावर मात्र गडावर जाळ करून राजगडाला खूण दिली, असे परंपरा सांगते. त्या जाळाला एकच अट होती, ती म्हणजे राजगडावरून सिंहगड दिसला पाहिजे. ज्यांनी तो गड घेताना देह ठेवला त्या तानाजी मालुसऱ्यांची समाधी आपल्या उमरठला आहे. लहानपणी तिथे गेलो की आम्हाला शौर्याची गोष्ट सांगत. दोन उंच जागा एकमेकींना दिसल्या पाहिजेत, हा त्यातला दुसरा धडा मला फार उशिरा कळला. आजचा इंजिनियर त्यालाच 'लाइन ऑफ साइट' म्हणतो.

१९२७ सालच्या दोन गोष्टी

१९२७ हे साल महाडकराला सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्याआधी चार वर्षे, १९२३ मध्ये, सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं होतं, पाणी समोर होतं, पण माणसाला तिथपर्यंत पोहोच नव्हती. हा मुद्दा वाचकांनी जरा लक्षात ठेवावा. पुढे त्याचं काम आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये, सह्याद्रीच्या पलीकडे पुण्याजवळ, एक वेगळी घटना घडली. खडकी येथून इंग्लंडला थेट बिनतारी संदेश जाऊ लागले, आणि तिकडून येणारे संदेश दौंडला उतरवून घेतले जाऊ लागले. या पद्धतीला 'बीम वायरलेस' म्हणत. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनी ती बसवली होती. तोपर्यंत समुद्रापार संदेश पाठवायचा तर अवाढव्य केंद्र, प्रचंड वीज आणि लांब लांब लहरी, अशी समजूत होती. लहरी चहूकडे फेकायच्या आणि त्यातला कणभर भाग हव्या त्या ठिकाणी पोहोचेल अशी आशा करायची. फ्रँकलिनच्या तारांच्या पडद्यांनी आखूड लहरींची ताकद एका दिशेला गोळा केली. मग कितीतरी कमी विजेत तेच काम जास्त भरवशाने होऊ लागले.

दिशा देणाऱ्या अँटेनाचे महाराष्ट्रातले हे पहिले मोठे काम असावे. त्याच सुमाराला, १९२६ मध्ये, जपानात उदा आणि यागी या दोन संशोधकांनी तीच युक्ती काड्यांच्या सांगाड्यात बसवली. एका आडव्या दांड्यावर ओळीने काड्या. त्यांतली एकच काडी तारेला जोडलेली, बाकीच्या नुसत्या उभ्या. मागची काडी लहर पुढे ढकलते आणि पुढच्या काड्या तिला वाट दाखवतात. जपानने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर घेतल्यावर इंग्रजांच्या कागदांत 'यागी' हा शब्द सापडला, तेव्हा हा आपल्याच माणसाचा शोध आहे हे जपानी अधिकाऱ्यांना कळले, असे सांगतात. घरचा जोगी जोगडा, दुसरे काय!

"आलं का?"

ही यागी अँटेना तुम्हा-आम्हा सगळ्यांच्या परिचयाची आहे. तिचं नाव आपल्याला ठाऊक नव्हतं, इतकंच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावर पुण्यासाठी प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं. आमच्या खोऱ्यात मात्र चित्र कमी आणि मुंग्या जास्त. एक जण कौलांवर चढून अँटेनाचा बांबू फिरवतोय, दुसरा अंगणात, तिसरा टीव्हीसमोर. वरून आरोळी, "आलं का?" आतून आरोळी, "आलं, आलं... गेलं! जरा मागे घे!" बूस्टर आणा, बांबूला अजून एक बांबू बांधा. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेल्यावर देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने वाढली आणि हळूहळू हे हाल संपले. पण त्या काळात एक गोष्ट प्रत्येक शेंबड्या पोराला कळली होती. अँटेनाला तोंड असतं, आणि ते कुठे आहे याला महत्त्व असतं.

मला हे पुन्हा शिकावं लागलं ते बँकेत. १९९९ मध्ये हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने उभारलेल्या संस्थेने बँकांसाठी 'इन्फिनेट' हे उपग्रहावरचं जाळं सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत शाखांच्या छपरांवर व्हीसॅटच्या थाळ्या दिसू लागल्या. आमच्याही शाखेवर एक बसली. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे नजर लावून बसलेली. थाळी बसवायला आलेला मुलगा अंशाअंशाने ती सरकवत होता. मी गंमत म्हणून विचारलं, एवढी काय घाई नाही, साधारण त्या दिशेला केली तर? तो म्हणाला, "साहेब, इथे एक अंश चुकला तर तिथे शेकडो किलोमीटर चुकतो." तुमचा विश्वास बसणार नाही, पण एकदा वानरांच्या टोळीने थाळीवरून उड्या मारल्या आणि अख्खी शाखा दुपारपर्यंत बंद! काउंटरपुढे रांग, आणि मी गच्चीवर वानरांना शिव्या देतोय. पावसाळ्यात तर जोराची सर आली की लिंक गेलीच. तुमच्या घरच्या डिश टीव्हीचं होतं तेच.

ताळेबंद जुळलाच पाहिजे

आता अँटेना नक्की करते काय, ते माझ्या भाषेत सांगतो. शास्त्रज्ञांनी हसू नये.

उघडा बल्ब खोलीभर उजेड पाडतो. तोच बल्ब टॉर्चच्या चकचकीत वाटीत बसवला की उजेड लांबवर जातो. बॅटरी तीच, बल्ब तोच, नवीन उजेड कुठूनही आला नाही. मागे आणि बाजूला जाणारा होता तो पुढे वळवला. दिशादर्शक अँटेना म्हणजे ही वाटी. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ती नवीन पैसा छापत नाही, असलेल्या पैशाचं वाटप बदलते. एका खात्याला जमा दिसली की दुसऱ्या खात्याला नावे पडलेलीच असते. ताळेबंद जुळलाच पाहिजे.

हे वाटप किती बदललं ते डेसिबलमध्ये मोजतात. त्याला घाबरायचं कारण नाही, ते आपल्या चक्रवाढ व्याजासारखं आहे. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट, सहा म्हणजे चौपट, नऊ म्हणजे आठपट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट करायचं तर चौपट ताकद लागते, म्हणजे सहा डेसिबल.

पण खरी गोम पुढे आहे. वायफायमध्ये नुसतं बोलून भागत नाही, ऐकावंही लागतं. गच्चीवरचं यंत्र ठणठणीत बोलेल हो, पण तुमच्या हातातल्या मोबाइलचा आवाज बारीक असतो. त्याचं उत्तर गच्चीपर्यंत पोहोचलं नाही तर पडद्यावर वायफायच्या सगळ्या रेघा दिसतात आणि पान काही उघडत नाही. नुसता आवाज वाढवणारं यंत्र इथे उपयोगी पडत नाही. दिशेची अँटेना मात्र बोलताना तोंडापुढे हाताचा कर्णा धरते आणि ऐकताना तोच हात कानामागे धरते. दोन्हीकडून फायदा. शिवाय सरकारी मर्यादाही आहे. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला, म्हणून आज कुणीही घराबाहेर वायफाय लावू शकतो, पण अँटेनाच्या तोंडाशी भासणारी ताकद चार वॅटच्या आत ठेवावी लागते. आपल्या यंत्राची स्वतःची ताकद पाव वॅटच्याही आत आहे. नऊ डेसिबलची पाटी लावल्यावर समोरच्या दिशेला ती दीड वॅटच्या आसपास भासते. म्हणजे आपण नियमात आहोत.

टीव्हीची अँटेना पुरुषभर रुंद आणि ही वहीएवढी का, असंही विचारतात. टीव्हीच्या लहरीची लांबी काही मीटर होती, वायफायची साडेबारा सेंटिमीटर. लहर आखूड झाली तशी अँटेनाही आखूड झाली.

ही युक्ती वापरून लोकांनी केवढी मोठी कामं केली आहेत! तमिळनाडूत थेनी येथे अरविंद नेत्र रुग्णालयाने आसपासच्या गावांतली तपासणी केंद्रे लांब पल्ल्याच्या वायफायने जोडली. गावातला रोगी तिथेच बसून शहरातल्या डॉक्टरला डोळा दाखवू लागला. व्हेनेझुएलामध्ये २००७ साली डोंगरमाथ्यांवर थाळ्या लावून ३८२ किलोमीटरवर वायफाय पोहोचवून दाखवलं. आणि आपल्याच कोकणपट्टीत, पालघर जिल्ह्यातल्या खामलोली आणि आसपासच्या गावांत, आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या चमूने 'ग्राममार्ग' हा प्रकल्प केला. टीव्हीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या पडलेल्या वारंवारता वापरून इंटरनेट गावाच्या वेशीपर्यंत आणायचं आणि तिथून पुढे वायफायने वाटायचं. टीव्हीच्या त्या लहरी झाडाझुडपांतून वायफायपेक्षा बऱ्या जातात. या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाचं पारितोषिक मिळालं. तार जिथे संपते तिथून पुढचा शेवटचा टप्पा सर्वात अवघड असतो, आणि गावाचं भाग्य त्या टप्प्यावर ठरतं, हे या सगळ्या कामांचं सार आहे.

आपल्या सोसायटीतला शेवटचा टप्पा

आता आपल्या गच्चीवर येऊ.

२०२० चा जून. टाळेबंदी चालू, ३ जूनला निसर्ग वादळाने जिल्हा झोडपून काढलेला, आणि शाळा मोबाइलवर सुरू झालेल्या. आपल्याकडे तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर मोबाइलला धड रेंज नाही. पोरं जिन्यात, गच्चीच्या दारात, कुठे कुठे बसून तास करत होती. सोसायटीने सीसीटीव्हीसाठी ब्रॉडबँड घेतलेलं होतं. तेच बाहेर आवारात वाटावं, असं कमिटीत ठरलं. कंपनीला लेखी विचारून घेतलं, कारण त्याशिवाय मी सही केली नसती.

पहिली खरेदी चुकली. जास्त डेसिबल म्हणजे जास्त चांगलं, असं समजून आम्ही बारा डेसिबलचा चहूकडे फेकणारा पांढरा दांडा आणून गच्चीवर उंच उभा केला. खाली आवारात येऊन बघतो तर काहीच नाही! ए विंगमधल्या एका तरुण इंजिनियरने मग कागदावर चित्र काढून दाखवलं. असा दांडा लहरींची भाकरी थापतो. डेसिबल जितके जास्त, तितकी भाकरी पातळ आणि रुंद. चार मजल्यांच्या उंचीवरची ती पातळ भाकरी आपल्या डोक्यावरून निघून जात होती. "काका, आपलं वायफाय बहुतेक हायवेवरच्या ट्रकवाल्यांना मिळत असेल," तो म्हणाला. ताळेबंद जुळत होता, फक्त जमा भलत्याच्या खात्यात होती.

म्हणून मग पाटी आणली. ती एका बाजूला, पंख्यासारखी पसरून फेकते आणि खाली झुकवता येते. पण दिशा आली की प्रश्न आला, तोंड कुणीकडे करायचं?

पुढे दोन्ही विंगांच्या मधला चौक. तिथे बाकं, गणपतीची पत्र्याची शेड, आणि आपण सगळे. मागे विहीर, आंब्याची झाडं, पंपाची खोली आणि अगदी कुंपणाला लागून वॉचमनची खोली. पाटीपासून चौक वीसेक मीटर, वॉचमनची खोली पासष्ट मीटर. वॉचमनची मुलगी तेव्हा नववीत होती. आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या दोन बायकांची मुलंही आईबरोबर येऊन तिथे बसत. इंजिनियर म्हणाला, पाटी मागे वळवावी. मी म्हणालो, पुढे. सभासदांच्या पैशाने घेतलेली वस्तू आधी सभासदांच्या कामी आली पाहिजे. ही सोसायटी आहे, धर्मादाय संस्था नव्हे. हे वाक्य माझं आहे, आणि ते इतिवृत्ताच्या वहीत माझ्या नावापुढे नोंदलेलं आहे. बी विंगच्या एक ज्येष्ठ काकू तेवढ्या म्हणाल्या, "भाऊ, चवदार तळ्याच्या गावात बसून आपण हे ठरवतोय हो." मी ऐकलं न ऐकलंसं केलं. ठराव माझ्या बाजूने झाला. पाटी पुढे लागली.

त्यानंतर साधारण तीन आठवडे झाले असतील. पावसाची झड लागली होती. मी सकाळी खिडकीत चहा घेत उभा होतो. चौकाच्या कोपऱ्यावर, जिथे बी विंगची भिंत संपते, तिथे ती मुलगी छत्री खांद्याला टेकवून उकिडवी बसली होती. एका हातात मोबाइल, गुडघ्यावर वही, वहीवर प्लॅस्टिक. शेडमध्ये जागा होती. पण तिथे आपली मुलं बसत, आणि तिला 'तिथे बसू नको' असं कुणी म्हटलं नव्हतं; 'बस' असंही कुणी म्हटलं नव्हतं. ठराव, पाणी, आणि पोहोच. मला काकूंचं वाक्य आठवलं आणि चहा गोड लागेना. त्या लढ्याची आणि आपल्या वायफायची तुलना करण्याचा करंटेपणा मी करणार नाही. त्याची उंची वेगळी आहे. पण माणूस चुकतो तो बहुधा अशाच लहान जागी.

त्याच दिवशी पाऊस थांबल्यावर इंजिनियरला घेऊन मी गच्चीवर गेलो. मनात धाकधूक होती की पाटी फिरवली तर चौकातली मंडळी माझ्या नावाने बोंब मारतील. त्याने पाना लावून क्लॅम्प सैल केला, भिंतीच्या दुसऱ्या अंगाला पाटी बसवली, तोंड मागे, सुमारे दहा अंश खाली. खालून वॉचमन हात वर करून ओरडला, "आलं!" तीस-पस्तीस वर्षांनी मी पुन्हा गच्चीवरून "आलं का?" विचारत होतो.

आणि चौकाचं काय झालं? काही नाही! चौक इतका जवळ की पाटीच्या पाठीमागून गळणारं आणि ए विंगच्या भिंतीवर आपटून परत येणारं तेवढंही तिथे पुरलं. वेग थोडा कमी झाला, पण मुलांचे तास चालले, आमची भजनंही चालली. इंजिनियर म्हणाला, "काका, जवळच्याला अँटेना लागतच नाही. ती लांबच्यासाठीच असते." हे साधं गणित होतं. मी आयुष्यभर आकडे केले आणि ते मला सुचलं नाही, कारण मी आधी कुणाला द्यायचं नाही ते ठरवलं होतं आणि मग हिशेब मांडला होता.

पुढच्या कमिटीत मी होऊन सांगितलं की ठरावाविरुद्ध पाटी फिरवली आहे, काय दंड करायचा तो करा. कुणी काही बोललं नाही. मागच्या बाजूसाठी वेगळा पासवर्ड आणि वेगाची मर्यादा ठेवली, म्हणजे सुरक्षिततेचाही प्रश्न मिटला. ती मुलगी पुढच्या वर्षी दहावीला बसली. सध्या ती डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वायफायमुळे शिकली असं मी म्हणणार नाही, ती शिकणारच होती. छत्री तेवढी सुटली.

२२ जुलै २०२१

पाटीचं कौतुक इतकं केल्यावर तिची मर्यादाही सांगायला हवी.

२००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते इथे दरडी कोसळून आपल्या तालुक्यात दीडशेहून जास्त माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. २२ जुलै २०२१ ला पुन्हा सावित्री आणि गांधारी शहरात शिरल्या. आपल्या पार्किंगमध्ये छातीभर पाणी. वीज गेली, मग मोबाइल गेले. वायफायचा राउटर आम्ही तळमजल्यावर मीटरच्या खोलीत ठेवलेला, तो पाण्याखाली. गच्चीवरची पाटी कोरडी होती आणि मुकी होती. पाटी काही बोलत नाही, तिच्यामागे कुणीतरी बोलावं लागतं.

त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली होती. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गाडली गेली. तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. काही कोसांवर हे घडलेलं असताना आम्ही गच्चीवर उभे राहून नुसतं पाणी बघत होतो, आम्हाला काही माहीत नव्हतं. रस्ते बंद, फोन बंद. मदतीची पथकं तिथवर पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. पुण्या-मुंबईला असलेली आपली मुलं रात्रभर फोन लावत होती. तानाजीच्या काळात निदान जाळ करता आला असता; त्या पावसात तोही पेटला नसता.

पूर ओसरल्यावर राउटर जिन्याच्या वरच्या खोलीत नेला आणि त्याला बॅटरी दिली. आता वीज गेली तरी चार तास चालतो. बाहेरची केबल तुटली तर मात्र तोही निरुपयोगी, हे सर्वांनी ध्यानात ठेवावं. म्हणून कमिटीच्या कपाटात बॅटरीवरचा एक रेडिओ आहे. त्याचे सेल दर मे महिन्यात बदलावेत.

नव्या खजिनदाराला चार सूचना

दर वर्षी पावसाळ्यापूर्वी गच्चीवर जावं. पाटीच्या जोडावरची रबरी टेप बघावी, कारण आपल्याकडे अँटेना बिघडते ती आत शिरलेल्या पाण्याने. केबल यंत्रात शिरण्याआधी खाली एक झोळ दिलेला आहे, तो तसाच ठेवावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. अर्थिंगची तार आणि क्लॅम्प तपासावा, वानरं अजून आहेतच. आणि मागच्या आंब्याच्या फांद्या वेळेवर छाटाव्यात. पावसाचे थेंब वायफायला फारसे अडवत नाहीत, ओली पानं अडवतात.

पंचवीस वर्षांत सोसायटीने रंग काढला, टाकी बांधली, पूर सोसला. त्या सगळ्याचे आकडे वहीत आहेत. त्याच वहीत माझं ते वाक्यही आहे, आणि ते खोडू नये अशी माझी विनंती आहे. फक्त त्या पानाला या लेखाची एक प्रत जोडून ठेवावी. पुढच्या पंचवीस वर्षांत पाटीच्या जागी दुसरं काहीतरी येईल. तेव्हा जे कुणी पाना घेऊन गच्चीवर चढतील, त्यांनी तोंड फिरवण्याआधी आवारात सगळ्यांत लांब कोण बसलंय ते एकदा बघावं.